करड्यावर करडं

मिरजेत माणूस येतो तो एक तर गाडी बदलायला, नाहीतर डॉक्टर बदलायला. तिसरं कारण तंबोरा; पण तंबोऱ्यासाठी येणारी माणसं थोडी, आणि ती टोकन घेऊन बसत नाहीत. आमचं घर स्टेशन आणि दवाखाने यांच्या मधल्या वाटेवर. त्यामुळे जतचे मेहुणे, अथणीची मावशी, कवठेमहांकाळचे साडू आणि चिकोडीचे कुणाचे तरी कुणी, हे सगळे आजारी पडले की आधी आमच्याकडे चहाला येतात. चहा झाला की मी त्यांची फाइल काखेत मारतो आणि निघतो. डॉक्टर आत त्यांना तपासतात, तोवर मी बाहेर काउंटरवरच्या कॉम्प्युटरचा पडदा तपासतो. नातेवाइकांच्या पुण्याईने असे इतके पडदे मी पाहिलेत, की बनवणाऱ्यांनी तरी ते पाहिले असतील का, अशी शंका येते. बनवताना पाहिले असतील. वापरताना नक्की नाही.

आणि गाव कुठलं, तर डोळ्यांचं. कुरुंदवाडच्या एका मुलाच्या डोळ्यांना फटाक्याने इजा झाली म्हणून त्याला औषधपाण्यासाठी मिरजेत आणलं. डोळे काही पुरते सुधारले नाहीत, पण इथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. पोरगा डोळ्यांसाठी आला आणि गळा घेऊन गेला. पुढे तो पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर झाला. आणि कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे हॉस्पिटल काढलं, मोतीबिंदूची हजारो ऑपरेशनं केली, आणि १९२८ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. तेव्हापासून या गावात पानपट्टीवालासुद्धा 'पडदा' आणि 'पडळ' यांची गल्लत करत नाही. अशा गावात दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरची अक्षरं कुणालाच दिसू नयेत, याला काय म्हणावं!

ज्या काउंटरवर माझी सर्वात जास्त हजेरी लागते तिथे पूर्वी निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं असायची. फॉक्सप्रोच्या जमान्यातला प्रोग्रॅम. रूप असं की पाहुण्यांसमोर आणू नये. पण काउंटरवरच्या ताईंची बोटं एफ-२ आणि एफ-१० वर आपोआप पडायची, नजर पेशंटवर, तोंड शेजारच्या ताईंशी, आणि पावती बाहेर. मग एके दिवशी 'नवीन लुक' आला. पांढरी जमीन, तिच्यावर फिकट करड्या चौकटी, चौकटींत त्याहून फिकट करडी अक्षरं, आणि तळाला एक करडं बटण. ते बटण चालू आहे का बंद, हे दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि दाबल्यावरही लगेच कळत नाही.

ताईंनी पन्नाशी ओलांडलेली. चष्म्याच्या खालच्या अर्ध्या भागातून बघायचं म्हणून त्या हनुवटी वर करतात. वर केली की ट्यूबलाइटची चमक पडद्यावर येते, म्हणून मान डावीकडे. डावीकडे गेलं की पश्चिमेच्या खिडकीतलं चारचं ऊन, म्हणून एका हाताने मॉनिटरच्या डोक्यावर एक्स-रेचा लिफाफा आडवा धरायचा. उरलेल्या एका हाताने टायपिंग. योगासनांच्या वर्गात याला नाव असेल, इथे याला 'एन्ट्री मारणं' म्हणतात. एवढं करून झालं की त्या मॉनिटर पेशंटकडे वळवतात आणि म्हणतात, "नाव बरोबर आहे का बघा." पेशंटच्या डोळ्यांत नुकतेच बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेले. मी तिथे असताना एक आजोबा शांतपणे म्हणाले, "बाई, दिसत असतं तर आलो असतो का ओ?"

आता यात गणित आहे, आणि ते अवघड नाही. दोन रंगांच्या उजेडात किती फरक आहे याचं एक गुणोत्तर काढतात. शुद्ध काळं आणि शुद्ध पांढरं यांचं गुणोत्तर येतं २१, आणि त्याच्यापुढे जागा नाही. रंगच एक असेल तर १. डिसेंबर २००८ मध्ये वेबसाठीच्या सुगम्यतेच्या जागतिक नियमावलीची दुसरी आवृत्ती निघाली, तिने साध्या मजकुरासाठी निदान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी निदान ३ असं ठरवलं. डेस्कटॉपवाले आज तोच गज वापरतात. हा साडेचार कुणाच्या लहरीने आलेला नाही. धडधाकट डोळ्याला ३ पुरतात असं धरलं, आणि आपल्या डॉक्टरांच्या भाषेत ज्याला 'सहा-बारा' म्हणतात त्या नजरेसाठी त्याला दीडाने गुणलं. सहा-बारा ही साधारण ऐंशीच्या घरातल्या माणसाची नजर. म्हणजे अमेरिकेत बसून कुणीतरी आमच्या अथणीच्या मावशीचा विचार केला होता. पुण्यात बसून हा 'नवीन लुक' करणाऱ्या कुणी केला नाही.

हिशेबात रंगांना समान मान नाही, हेही मला आवडतं. उजेडाच्या मापात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि बिचाऱ्या निळ्याचा ७. म्हणून काळ्यावर गडद निळं लिहिणं म्हणजे न लिहिणंच. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही पूर्ण असतात, तेव्हा पांढऱ्यावर पिवळं लिहिलं तर गुणोत्तर जेमतेम १.०७. लग्नपत्रिकेत सोनेरी अक्षरांत छापलेला मुहूर्त कुणालाच सापडत नाही आणि सगळे जेवायच्या वेळी पोचतात, त्याचं शास्त्रीय कारण हेच असावं. उलट शुद्ध पिवळ्यावर काळं लिहिलं तर १९.५६. मिरज जंक्शनचा फलक बघा. पिवळी पाटी, काळी ठसठशीत अक्षरं, धूर, धूळ, पाऊस, धावती गाडी, खिडकीचे गज आणि पेंगुळलेला प्रवासी, एवढं सगळं मधे असूनही 'मिरज' वाचता येतं. पाटी रंगवणाऱ्याला गुणोत्तर माहीत नव्हतं. रात्री दोन वाजता अर्धवट झोपेतल्या माणसाला उतरायचं असतं, एवढं माहीत होतं.

माझा एक भाचा पुण्यात याच कामावर आहे. डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या थीम करतो, म्हणजे पडद्यावरचा कुठला भाग कुठल्या रंगाचा, कुठलं अक्षर केवढं, बटणाला कड द्यायची का नाही, हे ठरवतो. कड कधीच द्यायची नाही, असं त्याने बहुतेक एकदाच ठरवून टाकलंय. आमच्या ताईंच्या पडद्यावरचं रूप त्याच्याच कंपनीचं निघालं तेव्हा मला फोन करणं भाग पडलं.

"अरे, त्यातलं काही दिसत नाही."

"मामा, ते मिनिमल आहे."

"आणि ती बाजूची सरकपट्टी? स्क्रोलबार? तो तर नाहीच."

"आहे ना. माउस नेला की दिसतो."

"पण माउस कुठे न्यायचा हे कळायला तो आधी दिसायला नको का?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मामा, तू टार्गेट युजर नाहीस." हे खरं होतं. टार्गेट युजर त्याच्या शेजारीच बसतो, पंचवीस वर्षांचा आहे, त्याच्यासमोर लाखाच्या घरातला मॉनिटर आहे, खोलीला पडदे आहेत आणि त्याला अजून कुणी फाइल काखेत मारून दवाखान्यात नेलेलं नाही.

भाच्याच्या धंद्यात कुरूपतेचा एक मानबिंदू आहे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये 'हॉट डॉग स्टँड' नावाची रंगसंगती होती. भडक लाल खिडक्या, भडक पिवळी जमीन. आजही ही मंडळी चहा पिताना तिचं नाव काढून हसतात. मी तिचा हिशेब करून बघितला. शुद्ध लालवर पांढऱ्या अक्षराचं गुणोत्तर येतं ४. भाच्याच्या आवडत्या करड्याचं पांढऱ्यावर येतं २.८५. दोन्ही नापासच, पण पस्तीस मार्कांना थोडक्यात हुकलेला आणि सपशेल आडवा झालेला यांत मिरजेतले मास्तर फरक करतात. ज्या थट्टेच्या थीमला सगळे तीस वर्षं हसतायत, तीही यांच्या करड्यापेक्षा जास्त वाचता येते, हे मी त्याला कळवलं. त्याने अंगठा पाठवला. हल्ली अंगठ्याचा अर्थ वाचलं असाही होतो आणि पुरे असाही.

मग डार्क मोड आला. सगळ्यांनी सांगितलं, डोळ्यांना आराम मिळतो. काहींना खरंच मिळतो. ज्यांना उजेड सोसत नाही, मोतीबिंदूमुळे चमक पसरते, त्यांना काळा पडदा वरदान आहे. पण ज्यांच्या डोळ्याला तिरपा नंबर आहे त्यांची बाहुली काळ्या पडद्यासमोर मोठी होते आणि पांढऱ्या अक्षरांना पिसं फुटतात. शिवाय मिरजेत सूर्य नावाचीही एक गोष्ट आहे. ताईंच्या खिडकीसमोर काळा पडदा लावल्यावर त्यांना बिल दिसेना, पण मागे रांगेत कोण घुसतोय ते स्वच्छ दिसू लागलं. शेजारच्या ताईंनी जाता जाता केसही नीट केले. उपयोग झाला नाही असं म्हणता येणार नाही.

याच काउंटरवर एकदा सफाईच्या पोराने कीबोर्डवरून ओलं फडकं फिरवलं. विंडोजमध्ये डावा ऑल्ट, डावी शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबलं की कमी दिसणाऱ्यांसाठीची ठळक रंगसंगती सुरू होते. तीन कळा एकदम दाबायला माणसाला कसरत करावी लागते, फडक्याला नाही. मशीनने काहीतरी विचारलं, पोराने जगरहाटीप्रमाणे एंटर मारला, आणि पडदा काळाकुट्ट, अक्षरं पांढरी-पिवळी. ओरड झाली, व्हायरस आला! कॉम्प्युटरवाला येईपर्यंत पावत्या हाताने. पण मला दिसलं ते असं की ताईंची हनुवटी खाली आली होती. पहिल्यांदाच त्या पडद्याकडे सरळ बघत होत्या. त्यांनी ते तसंच ठेवलंही असतं, पण अर्धे रकाने कोरे पडले. कारण थीम करणाऱ्यांनी अक्षरांचा रंग स्वतः 'काळा' म्हणून ठोकून बसवला होता आणि जमिनीचा रंग मात्र विंडोजवर सोपवला होता. विंडोजने जमीन काळी केली. काळ्यावर काळं. घ्यायचे तर दोन्ही रंग सिस्टिमकडून घ्या, नाहीतर दोन्ही स्वतःचे द्या. नवरा एका स्थळाचा आणि नवरी दुसऱ्याच स्थळाची, असं कुणी लग्न ठरवत नाही. सवलतीचा रकाना त्या दिवशी पूर्ण गायब झाला. पेशंटांच्या दृष्टीने तो आधीही नव्हताच.

खरी पंचाईत रंगावरच सगळा भार टाकला की होते. त्याच सॉफ्टवेअरमध्ये वॉर्डचा नकाशा आहे. रिकामी खाट हिरवा ठिपका, भरलेली खाट लाल ठिपका. दोन्ही ठिपके सारख्याच आकाराचे, सारख्याच उजेडाचे. लाल-हिरव्याचा घोळ होणारे पुरुष काही दुर्मीळ नाहीत. अशा एखाद्या वॉर्डबॉयने चालत जाऊन बघितल्याशिवाय त्याला खाट रिकामी आहे का ते कळणार नाही, आणि चालत जाऊनच बघायचं तर नकाशा कशाला?

याची अक्कल मिरजेत शोधायला लांब जायला नको, फलाटावर जावं. रेल्वे हा धडा फार आधी शिकली. स्वीडनमध्ये १८७५ साली लागरलुंडाजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली. चालकाला रंग ओळखता येत नसावा, असं होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकाने मांडलं आणि रेल्वेच्या माणसांना रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावायची परीक्षा काढली. (ती टक्कर खरंच त्यामुळे झाली का, यावर पुढे पंडितांनी शंका घेतली, पण परीक्षा टिकली.) १९१७ मध्ये जपानच्या इशिहारांनी ठिपक्यांत आकडे लपवलेली पानं काढली. इंजिन चालवणाऱ्यांना आपल्याकडेही ती वाचावी लागतात. आणि एवढी परीक्षा घेऊनही रेल्वे रंगावर विसंबली नाही. जुन्या सिग्नलचा हात आडवा असेल तर थांब, खाली तिरपा झाला तर जा. आम्ही 'सिग्नल पडला' म्हणायचो ते रंग बघून नाही, हात बघून. पुढची सूचना देणाऱ्या सिग्नलच्या हाताला टोकाशी माशाच्या शेपटीसारखी खाच असायची. रंग, जागा, आकार, तीन साक्षीदार. भाच्याच्या ठिपक्याला साक्षीदार एकच, तोही फितूर होणारा. ठिपक्याच्या जागी एकात चौकट आणि एकात फुली टाकायला कितीसा खर्च येतो? मी विचारलं. "मामा, क्लटर होतं," असं उत्तर आलं.

मराठी रकान्यांची कथा वेगळी. चौकटीची उंची रोमन अक्षर मोजून ठरवलेली. रोमन अक्षराला वर वेलांटी नसते, मात्रा नसते, रफार नसतो, खाली उकार लोंबत नसतो. मग आमच्या नावांचे वरचे-खालचे अवयव चौकटीच्या कडेला कापले जातात. 'सर्जरी वॉर्ड' चा 'सजरा वाड' होतो. ऑपरेशनच्या आधीच एवढी काटछाट बघून पेशंट घाबरतो. अक्षर मोठं करावं म्हणून पडदा दीडपट केला तर अक्षरं वाढतात, चौकटी वाढत नाहीत, आणि 'जतन करा' हे बटण पडद्याबाहेर निघून जातं. मिरजेने ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज एकाच स्टेशनात सांभाळली. यांना दोन मापांची अक्षरं एका चौकटीत सांभाळवत नाहीत.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. सरकारी पानांवर अक्षर मोठं करायची सोय त्याआधीपासून आहे. वरच्या कोपऱ्यात छोटासा 'ए' आणि त्याला चिकटलेलं अधिकचं चिन्ह. साडूंना मी ते दाखवलं. ते म्हणाले, "हे बटण मोठं करायचं बटण कुठाय?"

शेवटी दिवाळीला भाचा आला. त्याला मी सतारमेकर गल्लीत नेलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पाहुण्यांना तिकडे नेणं हा आमचा सरकारमान्य कार्यक्रम झालाय. तिथे एक चाचा जवारी काढत बसले होते. घोडीवरून कानस अलगद फिरवायची, तार छेडायची, ऐकायची, परत फिरवायची. समोर तंबोरा न्यायला आलेल्या गायिका बसलेल्या. त्या नुसती मान हलवत. चाचा परत कानस उचलत. बाईंच्या पट्टीचा तंबोरा वेगळा, बुवांच्या पट्टीचा वेगळा, आणि घेणाऱ्याच्या कानाला पटेपर्यंत काम संपलं असं कुणी म्हणत नाही. मी भाच्याकडे अर्थपूर्ण नजरेने बघत होतो. तो भारावून भोपळ्यांचे फोटो काढत होता. पंधरा दिवसांनी त्याच्या कंपनीने 'तंबोरा' नावाची नवी थीम काढली. तपकिरीवर तपकिरी.

पण पोरगा वाईट नाही. दिवाळीत मी त्याला ताईंच्या काउंटरवरही बसवलं होतं, चार वाजता, खिडकीसमोर, हातात एक्स-रेचा लिफाफा देऊन. एक पावती फाडायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात रांगेतल्या दोघांचं दुखणं वाढलं. त्याचा परिणाम म्हणून असेल, पुढच्या अपडेटमध्ये आणखी एक थीम आली: 'मिरज जंक्शन'. पिवळ्यावर काळं, बटणांना चांगली जाड कड, स्क्रोलबार कायम हजर, खाटांवर चौकट आणि फुली. मी लगेच हिशेब केला. सगळे आकडे उत्तम. अभिमानाने छाती भरून मी ताईंना ती लावून दिली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर थीम काढून टाकलेली.

"का ओ ताई, दिसत नव्हतं?"

"दिसतंय की. लांबनंसुद्धा दिसतंय. पण दिवसभर ते पिवळं समोर असलं की माझी गाडी सुटायला लागल्यासारखं वाटतंय. पाणी प्यायलासुद्धा उठवंना."

मी तिथूनच भाच्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्याने फार आदराने विचारलं, "काकू, मग तुम्हाला नेमकं कसं हवंय?"

ताईंनी एका हाताने पावती फाडली, दुसऱ्या हाताने लिफाफा नीट धरला आणि म्हणाल्या, "ते जुनं निळं होतं की रे, पांढऱ्या अक्षराचं. तेच दे. आणि माझं एफ-१० कुठं टाकलंयस?"